ड्रमवर वहिनी

११ जानेवारी

आज चौदा जणांनी शिव्या घातल्या. मला नाही, पाणीपुरवठ्याला. पण पाणीपुरवठ्याच्या वतीने कान माझेच. तक्रार कक्ष, टेबल क्रमांक तीन. शिव्या देणाऱ्यालाही उत्तर ठरलेलं — "आपली तक्रार नोंदवली आहे. आपला दिवस चांगला जावो." चार वर्षं झाली, हेच म्हणतेय. मधाळ आवाजात.

पंधराव्या फोननंतर जिन्यात गेले, स्वेटरच्या बाहीत तोंड खुपसलं आणि ओरडले. किंचाळी नव्हती ती. खालून आली, पोटातून — जाड, खरखरीत, फरशीवरून कपाट ओढल्यासारखी. रखवालदार धावत वर आला. "कुत्रा शिरलाय का जिन्यात?" म्हटलं, शिरला होता, गेला.

घरी आल्यापासून एका जागी बसवत नाही. लिहितानाही पाय हलतोय.

१२ जानेवारी

वहिनीला सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगणार? दादा जहाजावर, इंजिनरूममध्ये. वर्षातले दहा महिने घरात आम्ही तिघीच — आई, वहिनी आणि मी. आई शिलाई मशीनवर वाकलेली. वहिनी दिवसभर बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्यापुढे उभी.

वाटलं होतं हसेल. म्हणाली, "तो आवाज परत काढ."

उशीत तोंड घालून काढला. मान तिरकी करून ऐकत होती. मग दोन चमचे उचलले आणि जेवायच्या टेबलावर वाजवायला लागली. आधी सावकाश, मग दुप्पट, मग हात दिसेनात. मी बघतच राहिले. शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायची म्हणे. सातवी ते दहावी. या घरात येऊन सहा वर्षं झाली, एकदा बोलली नाही.

"सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कोणी?"

आतून आईचा आवाज — "पोटात दुखतंय का कोणाच्या?"

२० जानेवारी

रस्त्यापलीकडे वेल्डरची शेड आहे. गेट आणि ग्रिलं करतो. चाळिशीचा, एकटा, बोलायला शब्द मोजून आणल्यासारखा. त्याच्याकडे दिवसभर हेवी मेटल लागलेलं असतं. आज आमची खिडकीची जाळी घेऊन गेले तेव्हा विचारलं, हेच का ऐकतोस?

"ग्राइंडरच्या वरून हेच ऐकू येतं."

मागच्या भिंतीला गिटार टांगलेली. स्वतः बनवलेली — लाकूड जुन्या दरवाजाचं, कडीचं भोक अजून तसंच. मी आवाजाचं सांगितलं. काढून दाखवला. ग्राइंडर बंद केला त्याने. चष्मा कपाळावर चढवला.

"रविवारी शेड बंद असते," एवढंच म्हणाला.

२८ जानेवारी

पहिली प्रॅक्टिस! दुपारी दोन ते पाच. ड्रम बंद पडलेल्या एका हॉटेलच्या ऑर्केस्ट्राचे, वेल्डरने कुठूनतरी उचलून आणले. एकाला भोक, त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा. बेसवर मास्तर. वेल्डरचा शाळेतला मित्र, क्लासमध्ये गणित शिकवतो. शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. इतक्या आवाजातही सगळ्यांना अहोजाहो.

"ताई, आपण सात मोजतोय. तुम्ही आठव्याला येताय."

"आठवा आहेच कुठे मग?"

"नाही, म्हणूनच सांगतोय."

वहिनीला मोजावं लागत नाही. डाव्या पायाची चप्पल काढून बसली आणि सुरू झाली. खांदे अजिबात हलत नाहीत, चेहरा पट्ट्यावरची फुटकी बिस्किटं वेचत असल्यासारखा शांत, आणि खाली धडधड अशी, की कपाटातले नट-बोल्ट नाचायला लागले. तिला थांबायला सांगावं लागलं. थांबली तर कानशिलं घामाने निथळत होती, आणि ती हसत होती. असं हसताना मी तिला पाहिलेलं नाही. दादाच्या लग्नातसुद्धा नाही.

घसा सोलवटलाय. उद्या तक्रार कक्षात काय करणार देव जाणे.

१८ फेब्रुवारी

बँडला नाव पाहिजे. मास्तरांनी अकरा नावांची यादी आणली होती, सगळी संस्कृत. वेल्डर म्हणाला, "गंज." हातातली लोखंडी पट्टी दाखवली — लाल-तपकिरी, कडा खाल्लेली. सगळ्यांना पटलं.

घरी येऊन आईला सांगितलं. "गंज? कसला, दूध तापवायचा?"

आता तेच डोळ्यापुढे येतंय.

१५ मार्च

आज एका बाईचा फोन आला. म्हातारा आवाज, भांडत नव्हती. म्हणाली, "तीन दिवस नळाला कान लावून बसलेय बाळा. आत कोणीतरी श्वास घेतंय. पाणी नाही, नुसता श्वास." मग तोंडातून आपोआप निघालं — आपली तक्रार नोंदवली आहे, आपला दिवस चांगला जावो. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

ते 'बरं' दिवसभर डोक्यातून जात नाही.

१८ मार्च

गाणं झालं. आजवर आम्ही नुसता आवाज करत होतो, हे पहिलं खरं गाणं. सुरुवातीला वेल्डर एकच तार घासतो, नळात हवा अडकल्यासारखी. मी हळू आवाजात बाईचे शब्द म्हणते. मग वहिनी ड्रमवर कोसळते, आणि मी पोटातून, जेवढा आहे तेवढा आवाज लावून — "आपली तक्रार! नोंदवली आहे!" चार वेळा. पाचव्यांदा सगळे थांबतात आणि मी माझ्या ऑफिसच्या गोड आवाजात म्हणते, आपला दिवस चांगला जावो.

मास्तर हसताहसता खाली बसले. वहिनी हसली नाही. म्हणाली, "त्या बाईच्या घरी पाणी आलं का?"

चौकशी केली नव्हती मी. 

१९ मार्च

चौकशी केली. व्हॉल्व्ह नादुरुस्त. तीन चिठ्ठ्या पाठवल्या, चौथीला स्वतः वर जाऊन इंजिनियरच्या टेबलासमोर उभी राहिले. संध्याकाळी पाणी आलं. इतकं सोपं होतं तर चार वर्षं काय करत होते मी?

२२ एप्रिल

पहिला कार्यक्रम. वेल्डरच्या ओळखीच्या गॅरेजचं उद्घाटन. खुर्च्या चाळीस, माणसं तीसेक. पहिल्या गाण्याला निम्मी उठली. एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि शांतपणे पेढे — नाही, पेढे नव्हते, बिस्किटं होती, वहिनीच्याच कारखान्याची — खात बसले. तिसऱ्या गाण्यात फ्यूज उडाला. गिटार गेली, बेस गेला, माईक गेला. मी थांबले.

वहिनी थांबली नाही. वाजवतच राहिली. एकटी, मिनिटभर, दोन मिनिटं. गॅरेजमधले मेकॅनिक गाड्यांखालून बाहेर आले. एकजण पान्याने पत्र्यावर ताल धरायला लागला, मग दुसरा. वीज आली तेव्हा पळालेली माणसं दारात परत उभी होती.

मालक म्हणाला, "त्या वहिनी भारी वाजवतात." आम्ही तिला वहिनी म्हणतो म्हणून तोही म्हणाला.

९ जून

गॅरेजमध्ये कोणीतरी मोबाइलवर घेतलेलं आमचं गाणं फिरतंय. एक लाख लोकांनी पाहिलं! एक लाख! खाली लोकांनी लिहिलंय — 'हे आमच्या वीज मंडळाला पाठवा.' 'माझ्या सासूबाईंना पाठवलं.' 'ड्रमवर कोण आहे?' 'वहिनी आहे ती.' 'वहिनी जिंदाबाद.'

तीस-चाळीस तरी प्रतिक्रिया वाचल्या. मग मोजल्या. वहिनीबद्दल सतरा. माझ्याबद्दल चार, त्यातली एक 'बाईला खोकल्याचं औषध द्या.'

मोजायला नको होतं.

३ जुलै

ऑफिसमध्ये कळलं. कळणारच होतं. कालपासून फोनवर लोक विचारतात, "गाणारी तूच का? मग जरा तसं ओरडून सांग ना वरच्यांना." एकाने तर तक्रार केलीच नाही, नुसतं वाक्य म्हणायला लावलं आणि खूश होऊन फोन ठेवून दिला.

आमच्या कक्षप्रमुख मोठ्या बाईंनी बोलावलं. गाणं लावलं टेबलावर, पूर्ण ऐकवलं, माझ्या तोंडाकडे बघत. "हे कार्यालयीन वाक्य आहे." हो म्हटलं. "नागरिकाचं खासगी बोलणं आहे." हो. मला वाटलं काढतात. त्यांनी मला रेकॉर्ड रूममध्ये टाकलं. तळघर, फायली, फोन नाही. दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाल्या, "माझ्या बहिणीच्या गल्लीत दोन महिने पाणी नव्हतं. तिनेच पाठवलं मला हे."

१९ ऑगस्ट

नाट्यगृह भरलं. आमच्यासाठी, दुसऱ्या कोणासाठी नाही! आईने चौघांना काळे शर्ट शिवून दिले, माझ्या शर्टाच्या बाहीला चेन. स्वतः पहिल्या रांगेत, कानात कापूस.

शेवटच्या गाण्याआधी ओरडा सुरू झाला. "व-हि-नी! व-हि-नी!" सगळं नाट्यगृह, पाय आपटत. वहिनीने काठ्या वर केल्या. मी माईकसमोर उभी, वाट बघत, ओरडा कधी थांबतो. थांबेना. मी हसत होते. गाल दुखायला लागले हसून.

घसा माझा फाटतो. शब्द माझे. वाट माझ्या नोकरीची लागली. आणि नाव तिचं.

हे लिहिलं आणि पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

४ सप्टेंबर

एक माणूस भेटायला आला. मोठे कार्यक्रम भरवतो, चार बँड त्याच्या हाताखाली आहेत. चष्मा सारखा पुसतो म्हणून मास्तरांनी लगेच नाव ठेवलं, चष्मेवाला. अकरा शहरांचा दौरा, नंतर अल्बम. मला एकटीला बाजूला घेतलं, स्टेशनरीच्या दुकानाच्या पायरीवर.

"गर्दी तुमच्या आवाजासाठी येते," म्हणाला. हेच ऐकायचं होतं मला, आणि हे त्याला बरोबर माहीत होतं. "ड्रमवर मात्र आम्ही आमचा माणूस देऊ. बाई छान वाजवतात, पण नोकरी, घर, नवरा... दौऱ्यात अडतं. वयही दिसतं. तुम्ही घरच्याच आहात, तुम्ही सांगितलंत तर वाईट वाटणार नाही त्यांना."

मी नाही म्हटलं नाही. विचार करते म्हटलं.

६ सप्टेंबर

पाय थांबत नाही. रेकॉर्ड रूममध्ये त्याच त्या फायली तीनदा लावल्या.

९ सप्टेंबर

दादाचा फोन. आवाज मागे-पुढे होत होता. "तिला जरा समजव. दर सुट्टीला प्रॅक्टिस, लोक काय वहिनी-वहिनी ओरडतात, माझ्या जहाजावर पोरं मला चिडवतात. आईचंही वय झालंय." एरवी मी त्याच्याशी भांडले असते. आज म्हटलं, "बघते."

वहिनी चादरीच्या घड्या घालत होती. दुसरं टोक मी धरलं. म्हटलं, "दादाला आवडत नाहीये. थोडे दिवस थांबलीस तर घरात शांतता राहील."

घडी पुरी केली तिने. "दादा म्हणतो की तू म्हणतेस?"

"दादा."

"बरं."

काठ्या कपाटात ठेवल्या, साड्यांच्या खाली. मी चादर धरून उभी.

१० सप्टेंबर

वेल्डर आणि मास्तरांना सांगितलं, वहिनीला घरून अडचण आहे. मास्तरांनी गुंडी चाचपली. वेल्डरने ग्राइंडर लावला.

३० सप्टेंबर

नवा ड्रमर चष्मेवाल्याने पाठवलेला. चांगला आहे. घड्याळासारखा. कानात टिकटिक लावून वाजवतो, एकही ठोका इकडे-तिकडे नाही. माझा श्वास संपतो तेव्हा वहिनी किंचित थांबायची. इतकं किंचित, की मला कधी कळलंच नव्हतं ती थांबते म्हणून. हा थांबत नाही. मी प्रत्येक ओळीच्या शेवटी धापा टाकते.

"काय चुकतंय?" मास्तरांना विचारलं.

"गणित बरोबर आहे," ते म्हणाले, आणि बेस पिशवीत घालायला लागले.

७ ऑक्टोबर

घरात वहिनी नेहमीसारखीच. डबा भरते, आईच्या गुडघ्याला तेल लावते, माझ्याशी बोलते. वाजवत मात्र नाही. चमचासुद्धा आवाज न करता ठेवते. घर इतकं शांत झालंय की मला आत राहवत नाही. चार वेळा खाली जाऊन आले, काही आणायचं नसताना.

९ ऑक्टोबर

सांगून टाकलं. सकाळी, ती कारखान्याला निघताना, दारातच. दादाचं खरं होतं पण ते कारण नव्हतं. चष्मेवाला, अकरा शहरं, ड्रमवर त्यांचा माणूस. आणि नाट्यगृहात माणसं तुझ्या नावाने ओरडत होती आणि मला सहन झालं नाही — हेही. थांबले असते तर बोलले नसते, म्हणून एका दमात बोलले.

तिने चपलेचा पट्टा लावला.

"माहीत आहे मला. तो आधी माझ्याकडेच आला होता. कारखान्याच्या फाटकाशी. म्हणाला, तुम्ही आपणहून बाजूला व्हा, सगळ्यांना सोपं जाईल. मी म्हटलं, माझ्या नणंदेला विचारा. ती म्हणाली तर होते."

"मग भांडली का नाहीस माझ्याशी?"

"भांडले असते. तू स्वतःच्या तोंडाने म्हणाली असतीस तर. तू दादाला मध्ये घातलंस. त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाशी कसं भांडायचं?"

आणि गेली. साडेसातची पाळी.

मी ऑफिसला गेलेच नाही. चष्मेवाल्याला फोन केला, वहिनी नसेल तर गंज नाही. तो म्हणाला, नीट विचार करा. म्हटलं, मागच्या वेळी केला होता. त्याने फोन ठेवला. मग शेडमध्ये जाऊन दोघांना सगळं सांगितलं. मास्तर माझ्याशी पहिल्यांदाच अरे-तुरेवर आले — "मूर्ख आहेस तू." वेल्डरने मान हलवली. अनुमोदन.

१४ ऑक्टोबर

रविवार. प्रॅक्टिस. वहिनी आली नाही.

२१ ऑक्टोबर

आली नाही. ड्रमशिवाय तीन तास. शेजारच्या दुकानदाराने विचारलं, तब्येत बरी आहे ना सगळ्यांची, आज आवाज कमी.

२८ ऑक्टोबर

नाही आली. मी बोलवलं नाही. बोलवायचा मला हक्क उरलेला नाही.

४ नोव्हेंबर

सव्वादोनला आली. कोणाकडे बघितलं नाही. स्टुलावर बसली, उठली, परत बसली. "हे खाली कोणी केलं?" उंची तिच्यापुरती फिरवून घेतली. चप्पल काढली.

सहा गाणी सलग वाजवली आम्ही. तक्रारीचं गाणं आलं तेव्हा ती नुसती कोसळली नाही, अंगावर आली माझ्या. प्रत्येक ठोका मला उद्देशून. रडत गायले मी ते. पोटातून आवाज काढताना रडता येतं, आज कळलं.

जाताना म्हणाली, "श्वास अजून लवकर सोडतेस."

१८ नोव्हेंबर

दादा आला. दोन महिने घरी. पहिले दोन दिवस घरात नुसती भांड्यांची आदळआपट आणि दाराआडची कुजबुज. तिसऱ्या दिवशी म्हणाला, बघू तरी काय करता तुम्ही.

शेडमध्ये ऑइलच्या डब्यावर बसला. इंजिनरूममध्ये बारा वर्षं काढलेला माणूस, आवाजाचं त्याला काय. पण वहिनीकडे बघत राहिला. गाणं संपल्यावर तिला नाही, मला हळूच म्हणाला, "माझ्यासमोर ही कधी अशी दिसली नाही गं."

माझा भाऊ. वाईट नाही तो.

२ डिसेंबर

मोठ्या मैदानावरच्या संगीत मेळ्याचं बोलावणं! चष्मेवाला मध्ये नाही, आयोजकांनी थेट गॅरेजवाल्याकडून नंबर मिळवला. तीन दिवस, दोन रंगमंच, आम्ही दुसऱ्या दिवशी, सूर्य मावळायच्या वेळेला. मास्तरांनी क्लासला सुट्टी दिली. मुलांनी विचारलं, सर लग्नाला जाताय का? 'हो' म्हणाले.

२३ डिसेंबर

झालं.

काय लिहू? कान अजून वाजताहेत. आठ हजार लोक. मैदान उताराचं, म्हणून सगळे दिसतात, अगदी शेवटच्या कुंपणापर्यंत. दादाने ड्रमच्या पेट्या स्वतः उचलून चढवल्या, कोणाला हात लावू दिला नाही. रंगमंचाच्या कडेला उभा राहिला शेवटपर्यंत.

पहिलं गाणं मला आठवत नाही. दुसऱ्यात वेल्डरची तार तुटली, पाच तारांवर वाजवलं त्याने. बोलला चक्क — "ठीक आहे." मग तक्रारीचं. मी गोड आवाजात "आपली तक्रार" म्हणाले आणि पुढचं म्हणायची गरजच पडली नाही. आठ हजार माणसं पोटातून ओरडली. प्रत्येकाची काहीतरी तक्रार असणारच. मी माईक खाली केला आणि वहिनीकडे वळले. ती माझ्याकडेच बघत होती, त्यांच्या ओरडण्याखाली ठोके लावत, त्यांनाही श्वास घ्यायला वेळ देत.

मग ओरडा — "व-हि-नी." मीही ओरडले. माईकवरून, सगळ्यांत मोठ्याने. मनापासून.

उतरल्यावर दादा टाळ्या वाजवत होता. डोळे ओले. "मी उगाच अडवत होतो," म्हणाला. "यापुढे तू वाजव. माझ्याकडून हरकत नाही." वहिनीने त्याच्या हातातून पाण्याची बाटली घेतली, अर्धी प्यायली, बाकीची डोक्यावर ओतली. आईने फोनवर विचारलं, शर्टाची शिवण टिकली का?

टिकली.

७ जानेवारी

अल्बमचं ठरलं. नऊ गाणी, मार्चमध्ये रेकॉर्डिंग. नाव सगळ्यांनी मिळून 'बाधित क्षेत्र' ठेवलं, ऑफिसच्या फायलीवरून. मोठ्या बाईंनी विचारलं, आता राजीनामा देणार का? म्हटलं, अजून नाही. म्हणाल्या, मग तळघरातून वर ये, माणसं ओरडायला लागलीत टेबल तीनवर कोणी नाही म्हणून.

दादा परवा पुन्हा जहाजावर जाईल. घरात सगळं सुरळीत. तो जेवताना टेबलावर ताल धरतो, चुकतो, आम्ही हसतो. किती दिवसांनी माझा पाय गप्प बसलाय.

६ फेब्रुवारी

वहिनीबरोबर वकिलाकडे जाऊन आले. कशाला ते तिथे पोचल्यावर कळलं. घटस्फोटाच्या कागदांवर दादाची सही आधीच होती, जहाजावर निघायच्या आदल्या दिवसाची. मागितला तिने, त्याने नाही. तिने सही केली, पेनाचं टोपण लावलं.

बसस्टॉपवर म्हटलं, "पण तो आला होता ना. पेट्या उचलल्या. टाळ्या वाजवल्या."

"हो. आणि सगळा वेळ परवानगी दिल्यासारखा बघत होता."

कारखान्याजवळ खोली घेतलीय तिने. आईला माहीत आहे, पडदे शिवायलाही घेतलेत. शेडला यायला दोन बस लागतील.

"आता मी तुझी वहिनी नाही," ती म्हणाली. "नावाने हाक मार."

सात वर्षांत कधी मारली नव्हती. दोनदा तोंड उघडलं, आवाजच फुटेना. तिसऱ्यांदा जमलं.

"ओ," म्हणाली ती.